पक्का रंग

स्लाइडखाली ज्योत फिरवायची, वाफ उठेपर्यंत.
उकळू द्यायचं नाही.
हे मला पुस्तकाच्या आधी वडिलांनी शिकवलं,
गिरणीच्या रंगखात्यात, सुताच्या लडी बुडवताना:
वाफ आली म्हणजे रंग आत निघाला,
बुडबुडा आला म्हणजे रंग बिघडला.

पाच मिनिटं थांबायचं. मग ॲसिड.
बाकी सगळं लाली सोडून देतं,
लाळ, पू, पांढऱ्या पेशी,
न्याहारीच्या भाकरीचा दातात राहिलेला कण.
तो सोडत नाही.
अंगाला मेण चोपडून बसलेला असतो.
शेवटी निळं पाणी, आणि भिंगाखाली
निळ्या जमिनीवर लाल धाग्याचा तुकडा,
जरासा वाकलेला.

धुण्यात टिकला तो रंग, वडील म्हणायचे.
मी दिवसभर तोच शोधते
आणि सापडू नये असं वाटतं,
हे त्यांना कधी सांगितलं नाही.

सायम्मा दुडम, विडी घरकुल.
डबी पदराखालून काढायची, चोरून आणल्यासारखी.
"अक्का, निघालं का?"
जणू मी विहीर खणतेय.
शंभर जागा बघितल्या. चार निघाले.
चार म्हणजे अधिकची खूण नाही, नुसता आकडा लिहायचा: चार.
गोळ्या सुरू होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.
हजार विड्या वळणारी बाई
आता तीनशेवर दमत होती.

म्हणून बाटलीत पेरलं.
अंडी, बटाट्याचं पीठ, हिरवा रंग,
शिजवलं की पाटवडीसारखं तिरपं थिजतं.
त्यावर आठ आठवडे वाट.
गड्ड्यातले पाळणे उभे राहिले, उतरले,
नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं, परत गेलं,
रोज सकाळी मी बाटली उजेडाशी तिरकी धरून बघायची.

मधे एकदा बसलिंगप्पा आला.
त्याचा जंतू कुठल्याच बाटलीत उगवत नाही,
कानाच्या पाळीला चिमटा घेऊन, चीर देऊन
तिथूनच खरवडावा लागतो.
"घट धर बाई, मला काय कळतंय," म्हणाला.
त्या स्लाइडला ॲसिड पातळ लागतं.
वडील रेशमाला द्यायचे, तसं.

क्षयाचा उगवतो कोरडा, खडबडीत,
कडक भाकरीचा चुरा सांडावा तसा.
सायम्माचा गुळगुळीत निघाला.
बिराजदार सर म्हणाले, झाकण सैल कर,
तासभर दिव्याखाली ठेव, मग परत आत.
दुसऱ्या दिवशी बाटली उघडली
तर हळद.
अंधारात साधा, उजेड दिसला की पिवळा.
असा रंग वडिलांच्या कुठल्याच हौदात नव्हता.

"हा तो नव्हेच," सर म्हणाले. "त्याचा चुलत भाऊ.
पाण्यात असतो म्हणतात. माणसाकडून माणसाला जात नाही."
त्यांनी गोळ्यांची यादी बदलली.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उजेडात पिवळा.

सायम्माला सांगितलं, आधी मराठीत,
मग मला येतं तेवढ्या तेलुगूत.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "जात नाही?
कुणालाच?"
नाही.
"मग नातवाला मी नऊ महिने
जावेच्या घरी का झोपवलं?"

फॉर्म उलटा करून बघितला.
मागची बाजू कोरी असते.

ती गेल्यावर हात धुतले, ब्रश घेऊन.
नखांच्या कडेची गुलाबी रेघ
तशीच राहिली.
वडिलांची निळी होती.
आई म्हणायची, भाकरीला लागेल.
लागली नाही कधी.