मंगल कमी

पवनीच्या खाली, वैनगंगेच्या काठाला
आमची दीड एकर रेती.
तिला शेत म्हणताना तलाठीही हसतो.
उन्हाळ्यात ढिवरांना डांगरवाडीला द्यायचो,
बाकी वर्षभर ती काही धरून ठेवत नाही.
ओल नाही, खत नाही,
पेरलेलं बी वारा उघडं पाडतो.

यंदा मी जव पेरला.
"जव तं घटाच्या टोपलीत पेरतेत वो,"
सासू म्हणाली, "नऊ दिवसांचा.
तू वावरभर का करतेस?"

दिवाळीआधी मेंढ्या बसवल्या, अकरा रात्री.
सकाळी लेंड्या कोमट असायच्या
अन् रेतीला कधी नव्हे तो
कुणीतरी राहत असल्याचा वास.
वर उकिरड्याचं जुनं खत, बावीस गाड्या,
इतकं मुरलेलं
की आपण शेण होतो हे ते विसरलेलं.

रेतीनं खाल्लं, ढेकर दिला नाही.
जव वीतभर झाला आणि थांबला.
पानांवर फिकट रेघा, शिरांच्या मधोमध,
पट्टी धरून ओढल्यासारख्या.

मातीचं कार्ड मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं.
सेंद्रिय कर्ब अत्यल्प.
जस्त कमी.
मंगल कमी.

सुपातला हात थांबला.

एकोणीस वर्षांपूर्वी, त्याच रेतीतून,
डांगरं निघाली त्याच आठवड्यात
नणंद निघाली, डोंग्यानं, पल्याड.
तिचं नाव या घरात कुणी घेत नव्हतं.
आता ते सरकारी शिक्क्यानिशी आलं होतं.

"मँगनीज, आत्या. एक धातू असते.
मराठीत मंगल म्हणतेत."
"असू दे," ती म्हणाली. "किती कमी?"

दुकानदारानं दोन्ही पुड्या दिल्या:
जस्त पांढरं, मंगल फिकट गुलाबी,
ओठ पुसल्यावर उरतं तेवढं.
चुना तेवढा लावला नाही त्यानं,
अन् नेमका तोच हवा होता.
चुन्याशिवाय जस्त पान जाळते.
सासूनं तंबाखूची डबी पुढे केली.
मग स्वतःच हसली,
माळ्यावरून पोताऱ्याचं गाडगं काढलं.
निवळी आम्ही तिच्या जुन्या लुगड्यातून गाळली.

मी पंप पाठीला बांधला, हवा ओसरल्यावर निघाले.
खत पोटात घालायचं असतं,
हे मात्र तोंडावर फवारायचं,
आजाऱ्याला उठवताना पाणी मारतात तसं.
नदीकडच्या पाच तासांना पंप पुरला नाही.

तिसऱ्या दिवसापासून ती रोज धुऱ्यावर.
संध्याकाळी येऊन पाय धुताना विचारायची,
"आली का वो मंगल, पानात?"
मी म्हणायची, येऊन राहिली.
पंधरवड्यानं खरंच आली.
फक्त नदीकडचे पाच तास पिवळे राहिले,
अन् ती उभी राहायची तिथंच.

चैत्रात सात पोती झाली, एक अर्धं.
काही फार नाही. पक्ष्यांचं वेगळं.
अर्धं पोतं तिनं कुणाला हात लावू दिला नाही.
निवडलं, भाजलं, चण्याची डाळ घातली,
गिरणीवर स्वतः बसून सातूचं पीठ काढलं.

मग डबा घेऊन घाटावर गेली.
डोंगेवाला पोरगा विचारत होता, कोणाकडे द्यायचं, माय?
तिनं नाव घेतलं.
पोरगा माझ्याकडे पाहू लागला.

"पाहतेस का?" ती मलाच रागावली.
"कार्डावर लिहून आहे ना,
कमी आहे म्हून."