शीत

गुनसानच्या बंदराकडे तोंड केलेल्या इमारतीत
नवव्या मजल्यावर मुन ओक्रेबाईंचा कुकर बोलतो.
शिजून झालं की लाडिक आवाजात सांगतो,
चविष्ट भात तयार आहे, ढवळून घ्या.

भातात काळे कपचे.
तिसऱ्याच महिन्यात भांड्याचा लेप सुटला.
दुकानदार म्हणाला, तारेच्या घासणीनं घासलं असेल.
कंपनी म्हणाली, फोन चालू ठेवा.
चाळीस मिनिटं पियानो ऐकला तिनं.

मग लिफ्टमध्ये, हरवलेल्या मांजराशेजारी,
तिनं चिठ्ठी लावली. पाच ओळी.
मॉडेल, तारीख, किती पैसे गेले,
आणि खाली टेपनं चिकटवलेला एक कपचा.

वकिलाचं पत्र मात्र दोन दिवसांत आलं.

ठाण्यातला पोरगेला शिपाई समजुतीनं बोलला:
आजी, खरं आहे का, हा प्रश्नच नाही.
खऱ्यानंही अब्रू जाते. तसं कलम आहे.
लोकांच्या भल्यासाठी लिहिलंत, हे दाखवावं लागेल.

लोक म्हणजे किती, तिनं विचारलं.
आमच्या जिन्याला अठ्ठावीस घरं.
त्यानं लिहून घेतलं: अठ्ठावीस.

चिठ्ठी काढली. टेपचे चार कोपरे राहिले,
आणि त्यांच्या मधली कोरी जागा.
जो तो विचारतो, कुठला हो कुकर?
ती मजल्यांचे आकडे बघत राहते,
मग रुमालाची पुरचुंडी सोडून पुढे धरते.
शितावरून भाताची परीक्षा,
ज्यानं त्यानं करावी.

साडेसातला कुकर पुन्हा बोलतो,
चविष्ट भात तयार आहे.
त्याला कुणी नोटीस धाडलेली नाही.