खाली ओक आहे

पक्कड, पटाशी, नाकाला फडकं.
एल्मर खालून ओढतोय, मी वरून सोडवतेय
मोहरीच्या रंगाचा गालिचा, चौऱ्याहत्तर सालचा.
कडेला अजून नवाकोरा,
मधोमध टक्कल.

स्टेपल्स मोजायचं चौथ्या पायरीला सोडलं.
ख्रिसमसच्या झाडाच्या सुया, एक बटण,
आणि रुस्तीचे केस.
कुत्रा जाऊन वीस वर्षं झाली,
त्याचे केस इथेच मुक्कामाला.

वडील सांगायचे, खाली अस्सल ओक आहे.
डुलुथच्या धक्क्यावरून लालभडक होऊन यायचे,
बूट दाराशी काढायचे,
आणि पाहुणा असला की मोज्यातली टाच आपटायचे:
ओक! आवाज ऐका.
आम्ही ऐकायचो.
गालिच्यावर कसला आलाय आवाज.

पाइन निघालं. हलकं, गाठीगाठींचं,
कडांना तपकिरी रंग फासलेलं.
सहावीला तर चक्क सफरचंदाच्या खोक्याची फळी,
अक्षरं उलटी.

एल्मर माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे.
"निघालं का ओक?" स्वयंपाकघरातून आई.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एका कानाने बहिरी.
"निघालं," मी ओरडते.

कपबशीचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.
"काहीतरीच," आई म्हणते,
"खोकं मीच फोडलं होतं.
खिळे तोंडात धरून हा शिट्टी वाजवत होता."

तोंडात खिळे असताना
शिट्टी कशी वाजते,
विचारायचं राहून गेलं.

एल्मरने करड्या रंगाचा डबा उघडलाय.
सहावी पायरी मी घासतेय,
पण हात फार दाबत नाही.