कललेली

प्लास्टरचं मॉडेल दहा इंची असतं.
त्यात समुद्र मावतो, पण नीट बसत नाही.
लाटा काढायला मला अडीच दिवस लागले,
शेवटी त्या भांग पाडल्यासारख्या दिसल्या.
समितीला आवडल्या.

‘कमळजा’ बुडाली त्याला पंचाहत्तर वर्षं,
म्हणून पंचाहत्तर रुपयांचं नाणं. चांदी निम्मी.
चालवण्यासाठी नव्हे, जपण्यासाठी,
असं सोबतच्या पत्रकात.
डबी मखमली, रंग आकाशी.
त्या दिवशी आकाश आकाशी नव्हतं म्हणतात.

बोट कशी दाखवायची यावर दोन बैठका.
मी तीन कच्ची चित्रं नेली होती:
एकात नाळ आभाळात,
एकात पाण्याबाहेर नुसतं धुराडं.
साहेब म्हणाले, बुडती बोट घरात कोण ठेवील, पांचाळ?
मग सरळ काढली. धूर मागे जाणारा,
म्हणजे बोट पुढे निघालेली,
म्हणजे रेवसला पोचणारच.

साच्यात सगळं उलटं कोरावं लागतं.
एकतीस वर्षं फोर्टातल्या त्या खिडकीपाशी
डोळ्यात भिंग अडकवून मी उजव्याचं डावं करत आलो.
अजून बायको ‘डावीकडे वळा’ म्हणाली
की क्षणभर थांबतो.

चांगुणाबाई नाखवा आली ती अशातच.
रेवसहून लाँचने, भाऊच्या धक्क्यावरून चालत,
पिशवीत गेटवरच्या शिपायासाठी सोड्यांची पुडी.
“बोट काढतो तो कोन?”
मी मॉडेल पुढे केलं.
तिनं बोटीवरून बोट फिरवलं,
काठापासून काठापर्यंत, भात निवडावा तसं.

“बापूस माजा व्हता यात. दहा आने देऊन.
वाचलेला गोमाकाका सांगं,
किनारा दिसतो म्हनून सगली डाव्या अंगाला गेली
न् बोट कलली.
तू सरल काढलीस रं.”

मी काय बोलणार? पोलाद कडक करून झालं होतं.
तिला चहा पाजला. कपाच्या कानात तिचं बोट जाईना,
तिनं बशीत ओतून घेतला.

गुरुवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता,
मी खालचा साचा सैल केला
आणि फिरवला. फार नाही,
घड्याळाच्या काट्यानं दोन मिनिटं सरकावं इतका.
एक चकती. दोन ठोके.
मग साचा होता तसा, माझे हात मात्र
संध्याकाळपर्यंत थाऱ्यावर नव्हते.

तपासणीला ग्रेशियस होता.
त्यानं नाणं उलटवलं, पुन्हा उलटवलं,
मान किंचित कलती केली
आणि तबकात पुढे सरकवलं.
डबीच्या तळाशी पेन्सिलनं एक बारीक फुली.
त्यावर आम्ही दोघं आजवर बोललेलो नाही.

विक्रीच्या दिवशी मी रांगेत उभा राहून पैसे भरले.

नंतर कधीतरी मिंट रोडच्या हरिवल्लभ कापडियांनी
पांढरे हातमोजे घालून ते पाहिलं.
या बाजूला राजमुद्रा ताठ, उलटवलं की बोट कललेली.
“फिरलेला साचा! असा दोष शोधत
माणसं जन्म काढतात, मावशी. चाळीस हजार देतो.”
चांगुणाबाईनं नाणं उचललं, कमरेच्या बटव्यात टाकलं.
“दोस कुटला? यवढीच तर बरोबर हाय.”

आकाशी डबीत आता तिच्या नातसुनेची नथ असते.
नाणं बटव्यातच, सुट्ट्या पैशांत, तपकिरीच्या डबीला घासत.
एकदा चुकून लाँचवाल्याच्या हाती गेलं,
तो म्हणाला, आजी, हे चालत नाय.
तिनं परत घेतलं, दुसरं दिलं.

परवा मला दाखवायला काढलं तिनं.
आरशासारखं पाणी केलं होतं मी, झिलई देऊन.
त्यावर चरे पडलेत, आडवेतिडवे,
एकमेकांवर चढलेले,
बोटीच्या डाव्या कडेशी जरा जास्तच.

अडीच दिवसांत मला जमलं नव्हतं ते.