अक्रोडाचं लाकूड

दोन लाख अडतीस हजार, कस्टम ड्युटीसकट.
कुरिअरवाला सातपूरचं आमचं दार चुकून
अशोकनगरच्या स्टॉपपर्यंत जाऊन आला,
सही घेताना म्हणाला, काका, ड्रिल मशीन का?
म्हटलं, तसंच काहीतरी.

हेमलतानं गवार मोडता मोडता विचारलं,
यानं गुण किती वाढतील?
तीस वर्षांच्या नोकरीत, कुठल्याच मीटिंगमध्ये
इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वाढले. खोटं कशाला बोलू.
क्लबच्या जुन्या पिस्तुलानं साठ गोळ्यांत पाचशे एकेचाळीस,
हिनं पाचशे चव्वेचाळीस.
हिशेब मीच केला, फ्रिजवर चिकटवला:
एका गुणाला एकोणऐंशी हजार तीनशे तेहतीस.
वरचे पैसे सोडून दिले.

ट्रिगर पाचशे ग्रॅमला सुटतो, अगदी नेमका.
क्लबच्याचाही सुटतो. वजन टांगून पाहिलंय.
आणि दहा मीटर पलीकडचा कागद
पावती मागत नाही.

शेजारच्या लेनमध्ये यज्ञा खैरनार, अकरावी सायन्स,
क्लबच्याच पिस्तुलानं पाचशे त्रेसष्ट मारते.
त्या मुठीत चार जणांचा घाम, एका कोपऱ्यात
मोटारीची पुट्टी भरलेली, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
एकदा म्हणाली, काका, तुमची देता का? एकदाच.
दिली.
सात. आठ. सहा. मग थेट पांढऱ्यात.
"ही हातात बसतच नाही," म्हणाली
आणि एकदम ओशाळली.

नाहीच बसणार.

अठ्ठ्याण्णव साल, दुसरी पाळी, पॉवर प्रेस.
गार्ड काढून ठेवलेला, कारण महिनाअखेर.
उजव्या हाताचं मधलं बोट, दुसऱ्या पेरापासून पुढचं.
भरपाई अकरा हजार सहाशे.
व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला होता, नीट, चौकोनात,
सही मी डाव्या हातानं केली
तर क्लार्क म्हणाला, जुळत नाही.

परदेशातून त्यांनी हाताचा नकाशा मागवला.
कॉलेज रोडवरून ग्राफ पेपर आणला,
हेमलतानं पंज्याभोवती पेन्सिल फिरवली,
अंगठा, तर्जनी, आणि मग
तिथे येऊन पेन्सिल थांबली.
इथे पूर्ण काढू का? तिनं विचारलं.
म्हटलं, आहे तसं.

तिकडच्या कुणा सुतारानं
(मुठीच्या आत त्याची दोन अक्षरं कोरलेली आहेत, मला वाचता येत नाहीत)
त्या जागी लाकूड थोडं जास्त ठेवलं.
फार नाही. माझं जेवढं गेलं तेवढंच.
पहिल्यांदा मूठ आवळली आणि
तिथे काहीतरी भेटलं.
सव्वीस वर्षं तिथे नुसती हवा होती.

परवा यज्ञाचे वडील आले.
आडगाव नाक्याला ट्रकच्या बॉड्या रंगवतात,
नखांत अजून निळा रंग.
पतपेढीचा फॉर्म घडी करून खिशात आणलेला.
म्हणाले, तुम्ही वापरता, तुम्हीच सांगा,
एवढ्याची असते का ती?
म्हटलं, फॉर्म फाडा.
शिसवाचा एक तुकडा आणा, आणि पोरीला रविवारी घेऊन या,
कानस माझी, पॉलिश पेपर माझा.
गुण तिच्या मनगटात आहेत, लाकडानं फक्त
मध्ये यायचं नाही.

त्यांनी फॉर्म फाडला नाही. परत खिशात ठेवला.
चहा संपवला, उठता उठता म्हणाले,
मग तुम्ही का घेतलीत?

रिटायर माणसाची हौस, म्हटलं,
आणि बशी डाव्या हातानं उचलली.

पाचशे चव्वेचाळीसच्या पुढे अजून गेलो नाही.
बहुतेक जाणारही नाही.
शनिवारी रात्री मुठीला जवसाचं तेल लावतो,
त्या उंचवट्याला आधी.