मधून सुरू होणारी भिंत

तुर्भ्याच्या मार्केटात गाळेवाला गुंजाळ हसतो:
"लोक कांद्याचं पोट बघतात,
तुम्ही नुसतं बूड."
बूडच लागतं आम्हाला.
जुनी मुळं ब्लेडनं तासायची,
पाण्याला टेकेल न टेकेल असा कांदा
बाटलीच्या तोंडावर बसवायचा.
तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मिशा.

टोकं सकाळी साडेसातला कापायची.
आठ वाजले की उशीर, म्हणतात इनामदार मॅडम.
पेशींचीही पहिली पाळी असते,
रबाळ्याच्या कंपन्यांसारखी.

आम्ल, कोमट आच, लाल रंग,
कव्हरस्लिप, टीपकागद, वरून अंगठा.
एकवीस वर्षं हा अंगठा हेच करतो.
जोर झाला तर काच तडकते,
कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात.
मुलं चार आकृत्या काढतात, चार नावं लिहितात,
सही घेऊन जातात.
पण ते सगळं थांबवलेलं असतं. मेलेलं.

यंदा मॅडमनी खिडकीत कुंडी आणली, जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया.
शुक्रवारी त्या मीटिंगला गेल्या, आणि तय्यबानं
कळी फोडून पुंकेसराचा एक केस पाण्यात ठेवला.
"काका, बघा. जिवंत आहे."

मला वाटायचं, केंद्रक मधे ठाण मांडून असतं.
ते तर दोरांवर टांगलेलं,
भरतीत दाव्याला बांधलेली होडी हलते तसं
हळूच सरकत होतं.
मग त्याची कड विरली.
आतली गर्दी रांगेला लागली, बराच वेळ नुसती उभी,
आणि कुणी न सांगता दोन्हीकडे निघाली.
एकाचं टोक मागे राहिलं होतं, तेही फरपटत गेलं.

मी भिंतीची वाट बघत होतो, कडेला.
भिंत कडेनं येते, एवढं मला ठाऊक.
गोठिवलीत, आमच्या साडेबारा टक्क्यांच्या तुकड्यावर,
हरेशनं पहिली वीट रस्त्याकडून लावली,
शेवटची आईच्या खाटेपाशी.

इथे ती मधून सुरू झाली.
काही नव्हतं तिथे एक रेघ,
थेंबाला थेंब जुळत बाहेर पसरली
आणि कडांना जाऊन टेकली.
अर्धं कुणालाच मिळालं नाही.
दोघींना सगळं मिळालं.
तलाठी नाही, स्टँपपेपर नाही.
तय्यबा म्हणाली, "काका, चहा गार झाला."

जाताना तिनं आणखी एक दाखवलं:
कांद्याचा पापुद्रा, सकाळी सुईनं टोचलेला.
टोचलेली पेशी मेली होती.
शेजारणीचं केंद्रक मात्र आपली जागा सोडून
त्या बाजूच्या भिंतीला येऊन चिकटलं होतं.
का, ते तिलाही नीट सांगता येईना.
सोमवारी मॅडमना विचारू म्हणाली.

रात्री पलीकडून हरेशच्या खोकल्याचा आवाज.
मी खाट ओढून भिंतीला लावली.
पंख्याचा वारा तिथे पोचत नाही.