बरोबरीनं

वय अठराच्या वर, सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत.
माझी फेब्रुवारीत होतात. घाई त्याचीच.

लग्न झालेलं नसावं.
हे वाचलं तेव्हा आई पानपिंपरी निवडत होती,
भरलेली सुपात, पोचट खाली.
म्हणाली, या गोष्टीचे मार्क
पहिल्यांदाच कोनी देऊन राह्यलं तुले.

आठवड्याला तीस तास, वर एक मिनिट नाही.
दीड दिवस सुट्टी.
तिनं बोटांच्या पेरांवर तास मोजले,
सोमवारच्या चुलीपासून धरले
आणि मंगळवारी दिवेलागणीलाच तीस भरले.
मंग बाकीचा हप्ता काय करतेत थे लोकं?

खोली द्यावी लागते, वेगळी,
खिडकीची, दाराला आतून कडी.
आमच्या घरात आतून लागणारी कडी एकच,
न्हाणीची,
तीही खिळा वाकवून केलेली.

जेवायला त्यांच्यासोबत. मोलकरीण म्हणून ठेवता येत नाही.
या कामाला जो फ्रेंच शब्द आहे
त्याचा अर्थच मुळी, बरोबरीनं.
आई सुपावरून मान न उचलता बोलली,
वेल आन् पांगारा बी बरोबरीनंच वाढते व माय,
तोडा कोनाचा होते?

त्या घरात तुमची मातृभाषा बोलली जात नसावी.
ही अट सोपी. कॉलेजातही बोलली जात नव्हती,
'मले' म्हटलं की मागच्या बाकापर्यंत हसू जायचं.
जर्मननं तसं काही केलं नाही.
तिथंही तीन लिंगं, आणि मूल तिसऱ्यात:
दास किंड.
ते लेकरू.
मास्तरीणबाई स्क्रीनवरून म्हणाल्या, तुम्हाला हे कसं चटकन जमलं?

मुलं सांभाळल्याचा अनुभव, तासांत लिहा.
तोड्याच्या दिवसांत बाया मळ्यात ओळीनं,
सहा झोळ्या पांगाऱ्यांना,
एक दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला,
मांडीवर दहावीचा इतिहास.
फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं मला अजून
हेलकाव्यातच आठवतात.
तास कोणी लिहिले होते?

सह्या मागायला गेले.
गिरजाबाई माकोडे म्हणाल्या, म्हनशीन तिथं करतो,
पन लेकरू तं आता सायकल चालवते,
त्यालेच विचार ना, कशी सांभायली तं.

संदर्भ देणारी व्यक्ती नात्यातली नसावी. सज्ञान असावी.

तुम्हाला स्वतःचं मूल आहे का?
हो. नाही.
इथं बोट थांबलं.
चारुता, भावाची,
वहिनी गेली तेव्हा दोन वर्षांची होती.
आता सात. झोपेत अजून कुणाच्या तरी अंगावर पाय टाकावा लागतो तिला,
आणि तो पाय त्या वेळी माझ्यावरच होता.
'नाही'वर टेकवलं.
खोटं नव्हतं.
पुढचं पान उघडलं.

तिनं मात्र सगळं ऐकलेलं असतं.
दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या चौरेघी वहीचं पान फाडून आणलं:

आत्या चांगली आहे.
आत्या वेनी घट घालते.
आत्याने मला एकदा मारले मग तीच रडली.
तीला भाकर द्यावी भाताने तीचे पोट भरत नाही.
प्रणोती येऊल माझी आत्या आहे.

अंजनगावला बस स्टँडसमोर स्कॅनिंग, पान पाच रुपये.
पासपोर्ट, मार्कशीटा, डॉक्टरचं, पोलिसांचं,
दोन अंगठे, तीन सह्या.
दुकानातला पोरगा चौरेघी पानावर थांबला.
हे पन का?

नात्यातली. वय सात. शुद्धलेखन असं.
आणि एकदा मारल्याची लेखी कबुली.

घे, म्हटलं.
यंत्राचा उजेड
वेणीच्या, भाकरीच्या ओळींखालून
सावकाश सरकत गेला.

पंचावन्न झाले. साठ दिले.
सुटे नव्हते त्याच्याकडे,
पाचाचं चॉकलेट दिलं.